आंब्याखाली बदाम

सोसायटीतल्या आंब्याखालची जागा मी गाडीसाठी भांडून मिळवली. सावली मिळेल म्हणून. आता रोज सकाळी बॉनेटवर देशी बदाम पडलेले असतात. आंब्याखाली बदाम! बदामाचं झाड पार पलीकडे, पंपाच्या खोलीजवळ, साठ-सत्तर पावलांवर आहे. आणि नुसते बदामही नाहीत. वरचा गर कुरतडून नेलेल्या बिया, पांढरट-पिवळे ओघळ, आणि नाण्याएवढ्या, चपट्या, तंतूंच्या चकत्या. पान खाऊन कुणी चोथा थुंकावा तशा, फक्त लाल नसलेल्या.

"घुबडाचं काम आहे साहेब," वॉचमन काका म्हणाले. "रात्री ओरडतं, ऐकलं नाही का तुम्ही?"

ओरडणं मी ऐकलं होतं. रस्त्यापलीकडे एक बंद पडलेला वाडा आहे. त्याच्या वरच्या भिंतीतली एक वीट निखळली आहे आणि त्या भोकात पिंगळ्याची, म्हणजे छोट्या घुबडांची, जोडी राहते. तिन्हीसांजेला दोघं भोकाच्या तोंडाशी येऊन बसतात आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं किरकिर भांडण काढतात. काकांनी आवाज ऐकला, सकाळी घाण पाहिली आणि दोन्ही जोडून टाकलं. रात्री जे उडतं ते सगळं एकाच माळेचं, असंच आपण धरून चालतो. घुबड, पिंगळा, वटवाघूळ, पाकोळी, सगळ्यांचं खातं एकच: अशुभ.

पण पिंगळा बदामाला चोच लावत नाही. बदाम आणून टाकणारं आहे ते आखूड नाकाचं फळखाऊ वटवाघूळ. शास्त्रीय नाव सायनोप्टेरस स्फिंक्स. भारतात गावोगावी, शहरांतल्या बागांमध्येसुद्धा सर्रास असतं. वडावर शेकड्यांनी लटकणारी, पंख पसरल्यावर सव्वा-दीड मीटर भरणारी जी मोठी वटवाघळं आपण पाहतो, ती वेगळी. हे त्यांचं धाकटं भावंड. वजन साधारण पन्नास ग्रॅम, म्हणजे मुठीत मावेल एवढं, पण पंख पसरले की जवळजवळ अर्धा मीटर. पिंगळा साळुंकीएवढा, उंचीला एकवीस सेंटिमीटरच्या आसपास, वजनाला शंभर ग्रॅमहून थोडा जास्त. अंगावर तपकिरी रंगावर पांढरे ठिपके, पांढऱ्या भुवया आणि पिवळे डोळे, जे कायम कुणावर तरी रागावल्यासारखे दिसतात.

रात्रपाळी सोडली तर या दोघांत फार थोडं सारखं आहे. आणि जे सारखं दिसतं, तिथे दोघं वेगवेगळ्या वाटेने पोचलेले आहेत. हे समजून घ्यायचं तर आकाशाकडे बघून उपयोग नाही, अंधारात काही दिसत नाही. सकाळी झाडाखाली बघावं.

आधी आंब्याखालच्या चकत्या. त्यातली एक उचलून उन्हात धरली तर तिच्या एका बाजूला बारीक आडव्या वळ्या उमटलेल्या दिसतात. आपण जिभेने टाळू चाचपली तर पुढच्या भागात वळ्या लागतात ना, तशाच वळ्या वटवाघळाच्या टाळूला असतात, जास्त ठळक. फळाचा घास तोंडात घ्यायचा, जिभेने तो या वळ्यांवर दाबायचा, रस गिळायचा आणि उरलेला चोथा थुंकून द्यायचा. उसाच्या चरकात आणि याच्या तोंडात तत्त्वाचा फरक नाही. चकतीवरच्या वळ्या म्हणजे त्या दाबाचा ठसा.

माझी आजी सांगायची की वटवाघूळ तोंडाने खातं आणि तोंडानेच शी करतं, म्हणून ते पापी. लहानपणी मी हे वर्गात ठासून सांगितलंही होतं. ही समजूत कुठून आली असेल ते या चकत्या पाहिल्यावर कळतं. उलटं लटकलेल्या प्राण्याच्या तोंडातून सारखं काहीतरी खाली पडतंय, तर बघणाऱ्याने दुसरा काय अर्थ काढायचा? प्रत्यक्षात शू-शी करायची वेळ आली की हा प्राणी अंगठ्यांच्या नख्यांनी फांदीला धरून स्वतःला सुलटं करतो, काम उरकतो आणि पुन्हा उलटा होतो. माझ्या बॉनेटवरचे ओघळ ते हेच.

आता आंब्याखाली बदाम का? फळाने लगडलेलं झाड ही सगळ्यांना ठाऊक असलेली जागा. तिथे दुसरी वटवाघळं हिसकाहिसकी करायला येतात, आणि मोठी घुबडं नि सापही टपून असतात. म्हणून हे वटवाघूळ फळ तोडतं, तोंडात धरून जवळच्या दाट पानांच्या झाडावर नेतं आणि तिथे लटकून निवांत खातं. संपलं की दुसरी फेरी. एका रात्रीत असं जवळजवळ स्वतःच्या वजनाइतकं फळ ते रिचवतं. माझी गाडी त्याच्या जेवणघराखाली उभी आहे, एवढाच माझा दोष.

पिंगळ्याचा कचरा बघायचा तर रस्ता ओलांडून वाड्याच्या भिंतीशी जावं लागतं. तिथे गवतात करड्या रंगाच्या, अंगठ्याच्या पेराएवढ्या, वाळलेल्या गोळ्या सापडतात. ही विष्ठा नव्हे. पिंगळा झुरळ, नाकतोडा, भुंगा, पाल, उंदराचं पिल्लू, जे मिळेल ते जमेल तिथे अख्खंच गिळतो. त्याला दात नाहीत, आणि चिमणी-कबुतरांच्या गळ्यात दाणे साठवायला असते तशी पिशवीही नाही. खाल्लेलं थेट पोटात जातं. मऊ भाग विरघळून पुढे सरकतो. हाडं, केस, किड्यांची कवचं मागे राहतात, दाबली जाऊन त्यांची गोळी होते आणि काही तासांनी तो मान पुढे काढून, तोंड वासून ती बाहेर टाकतो. घारी-गरुडही अशा गोळ्या टाकतात, पण त्यांच्या पोटातलं आम्ल जास्त जहाल, हाडं बरीचशी विरघळून जातात. घुबडांच्या गोळीत ती शाबूत राहतात, म्हणून कुठल्या भागात काय शिकार आहे हे शोधणाऱ्या संशोधकांना ही गोळी म्हणजे आयतं हजेरीपत्रक.

मी एक गोळी हातमोजे घालून बशीतल्या कोमट पाण्यात भिजवली. (घरच्या बशीत. ते प्रकरण वेगळं.) पंधरा मिनिटांत ती सुटी झाली. चमकदार काळे तुकडे म्हणजे शेणकिड्यांच्या पाठीवरची कवचं. करवतीसारखे काटे असलेला एक लांब पाय नाकतोड्याचा. आणि तांदळाच्या दाण्याएवढा एक जबडा, त्यात पिवळसर दात, उंदराच्या पिल्लाचा. बदामाचा, पेरूचा, कुठल्याच फळाचा मागमूस नाही. काकांना बशी नेऊन दाखवली. त्यांनी दुरूनच पाहिली, पण त्या दिवसापासून पिंगळ्यावरचा आरोप मागे घेतला.

थुंकायची सवय दोघांनाही आहे, पण एक गिळण्याआधी थुंकतो, दुसरा गिळल्यानंतर. यामागे उडण्याचं गणित आहे. उडणाऱ्याला वजन परवडत नाही. फळात पाणी नि साखर भरपूर, प्रथिनं नावाला. मग पोटभर खायचं तर खूप खावं लागतं, आणि खूप खाल्लं तर उडता येत नाही. त्यावर वटवाघळाने काढलेला तोडगा म्हणजे चोथा आत घ्यायचाच नाही, आणि आत गेलेलंही झटपट बाहेर काढायचं. फळ खाल्ल्यापासून अर्ध्या तासाच्या आत त्याच्या बिया बाहेर पडू शकतात. प्रथिनांची तूट भरायला ते अधूनमधून पानंही चावतं, तीही तशीच: रस आत, चोथा बाहेर. पिंगळ्याचा घास लहान पण कसदार. त्याला घाई नाही. एक उंदीर मिळाला की तो अर्धी रात्र तारेवर बसून काढू शकतो.

ही घाई झाडांच्या पथ्यावर पडते. बदामासारखी मोठी बी वटवाघूळ गिळत नाही, पण झाडापासून दूर नेऊन टाकतं. पेरू, उंबर, वड यांच्या बारीक बिया पोटातून जाऊन उडता उडता कुठेही पडतात. जुन्या घरांच्या भिंतींतून जे वड-पिंपळ उगवतात त्यांतले बरेच पक्ष्यांनी लावलेले, पण काहींचं श्रेय यांचं. आणि फळांआधी फुलं येतात. मोहाची मांसल, गोड फुलं खायला ही वटवाघळं येतात आणि जाता जाता परागीभवन करून जातात. टेटूच्या झाडाचं फूल तर रात्रीच उमलतं, उग्र वास सोडतं; ते वटवाघळांसाठीच मांडलेलं दुकान आहे. मेळघाटातल्या नाहीतर नंदुरबारकडच्या घरात मोहाची फुलं वाळत घातलेली दिसतील, त्या व्यवहारात हाही एक भागीदार आहे.

आता अंधाराचा प्रश्न. 'वटवाघूळ आंधळं असतं, आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालतं' हे शाळेत बहुतेकांनी पाठ केलेलं आहे. ते या वटवाघळाला लागू नाही. किडे खाणाऱ्या छोट्या वटवाघळांना, ज्यांना आपल्याकडे पाकोळ्याही म्हणतात, ते लागू आहे. (आंधळी मात्र तीही नसतात.) ती घशातून आपल्याला ऐकू न येणारा बारीक आवाज काढतात आणि किड्यावर आपटून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून नेम धरतात. डोनाल्ड ग्रिफिन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९४४ मध्ये या तंत्राला नाव दिलं. आपल्या देशातल्या फळखाऊ वटवाघळांकडे हे घशातलं यंत्र नाही. गुहांत, पडक्या किल्ल्यांच्या भुयारांत राहणारी रौसेट जातीची वटवाघळं जिभेने टकटक आवाज करून काम भागवतात, आणि आपल्या सायनोप्टेरसचा एक चुलत भाऊ पंखांनी टकटक करतो असं २०१४ मध्ये दिसून आलं, पण त्यावर जाडजूड अडथळा कळेल इतकंच. बदाम शोधायला नाक आणि डोळे लागतात. या वटवाघळाचा चेहरा जवळून पाहिला तर ते पटतं: मोठे तपकिरी डोळे, कुत्र्यासारखा मुखडा, आणि किंचित बाहेरच्या बाजूला वळलेल्या नळ्यांसारख्या नाकपुड्या. पिकलेल्या फळाचा वास दुरून घ्यायचा आणि जवळ आलं की डोळ्यांनी फांदी हेरायची.

पिंगळ्याचे डोळे याहून विलक्षण. चेहऱ्याच्या मानाने ते इतके मोठे आहेत की खोबणीत फिरायला जागाच नाही. ते गोल गोळे नसून नळकांड्यांसारखे लांबट असतात आणि हाडाच्या कड्यात घट्ट बसवलेले असतात. डोळे फिरत नाहीत, म्हणून मान फिरते. घुबडांच्या मानेत चौदा मणके असतात. आपल्या मानेत सात. जिराफाच्या मानेतही सात आणि वटवाघळाच्याही सात, कारण सस्तन प्राण्यांत हा आकडा एक-दोन अपवाद सोडले तर बदलतच नाही. दुप्पट मणक्यांच्या जोरावर घुबडं मान पाऊण वर्तुळापर्यंत वळवतात. पूर्ण गोल फिरते असं गावाकडे सांगतात, ती अतिशयोक्ती.

पिंगळा माणसाकडे बघून मान वर-खाली, डावी-उजवी करतो ते तुम्ही पाहिलं असेल. पोरांना वाटतं तो नमस्कार करतोय किंवा वाकुल्या दाखवतोय. तो अंतर मोजत असतो. एका जागेवरून पाहिलं, मग जरा सरकून पाहिलं की जवळची वस्तू जास्त हललेली दिसते, लांबची कमी. डोळे हलत नसल्यामुळे हे काम त्याला अख्ख्या डोक्याने करावं लागतं. आणि एक: पूर्ण अंधारात त्यालाही दिसत नाही. गव्हाणी घुबड नुसत्या आवाजावर उंदीर उचलू शकतं, ती वेगळी कला. पिंगळ्याला संधिप्रकाश आवडतो, आणि रस्त्यावरचा दिवा तर फारच. दिव्याभोवती किडे जमतात, हा शेजारच्या तारेवर बसून एकेक टिपतो.

पंखांची गोष्ट सर्वांत जुनी. वटवाघूळ हा पक्षी नव्हे हे आता सगळ्यांना माहीत असतं, पण नव्हे म्हणजे किती नव्हे? आपला हात समोर धरा. बोटं हातभर लांब झाली आहेत आणि त्यांच्यामध्ये छत्रीच्या काड्यांमध्ये कापड ताणावं तशी पातळ कातडी ताणली आहे असं समजा. अंगठा तेवढा मोकळा, नखीसकट. हा वटवाघळाचा पंख. या गणाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच 'ज्यांचा हात हाच पंख' असा आहे. पिंगळ्याच्या पंखात बोटं जवळजवळ संपलेली आहेत, दोन-तीन हाडं एकमेकांना चिकटून उरली आहेत. उडायचं काम पिसं करतात. एकाने बोटं वाढवली, दुसऱ्याने मोडीत काढली. या दोघांचा शेवटचा समान पूर्वज सुमारे बत्तीस कोटी वर्षांपूर्वी होऊन गेला. तो पालीसारखा दिसणारा, चार पायांवर चालणारा जीव होता. त्याला पंख नव्हते. उडण्याचा शोध दोन्ही घराण्यांनी स्वतंत्रपणे लावला. नात्याने बघायला गेलं तर वटवाघूळ गायीला जवळचं आणि पिंगळा मगरीला.

कातडीच्या पंखाचा एक फायदा म्हणजे त्याचा आकार बोटागणिक बदलता येतो, दाट फांद्यांत अगदी लहान जागेत वळता येतं. पिसांच्या पंखाचा फायदा घुबडांनी वेगळाच घेतला: शांतता. त्यांच्या पिसांच्या पुढच्या कडेला बारीक कंगव्यासारखे दात, मागच्या कडेला झालर आणि वर मखमलीसारखी लव असते. हवा कापली जाते, फडफडत नाही. अंधारात उंदीर पकडणाऱ्या मोठ्या घुबडांत हे जास्त, पिंगळ्यासारख्या उजेडातही वावरणाऱ्यांत कमी. बदामाला कान नसतात. वटवाघळाने या भानगडीत पडायचं कारणच नव्हतं. बदामाच्या झाडावर रात्री जो फडफडाट आणि चिरचिराट चालतो त्यावरून ते कळतंच.

माझ्या सगळ्यांत आवडीची गोष्ट पायांची आहे. वटवाघूळ झोपेत पडत कसं नाही? आपण बारला लटकलो तर मिनिटाभरात बोटं सुटतात, कारण पकड स्नायूंच्या ताकदीवर असते. वटवाघळाच्या बोटांतून जाणाऱ्या दोरीसारख्या स्नायुबंधावर बारीक खवले असतात आणि त्याच्या आवरणाला आतून वळ्या. शरीराच्या वजनाने बंध ताणला गेला की खवले वळ्यांत अडकतात. केबल बांधायच्या प्लॅस्टिकच्या पट्टीला दाते असतात ना, एकदा ओढली की मागे येत नाही, तसंच. ताकद लागते ती सोडायला, धरायला नाही. म्हणून मेलेलं वटवाघूळही कधी कधी लटकलेलंच सापडतं. आणि अगदी अशीच दात्यांची कडी पक्ष्यांच्या बोटांतही आहे. पिंगळा ती फांदी धरायला वापरतो आणि नखांत सापडलेला उंदीर धडपडत असताना पकड सुटू नये म्हणूनही. बत्तीस कोटी वर्षांची फारकत, आणि दोघांनी कुलूप एकाच पद्धतीचं बनवलं.

घर-संसाराच्या बाबतीत मात्र दोघांचं अजिबात जमणार नाही. पिंगळा जोडीने राहतो. झाडाची ढोली, भिंतीतलं भोक, जे तयार मिळेल ते घर; स्वतः काही बांधत नाही. तीन-चार अंडी, महिनाभर उबवण, आणखी महिनाभरात पिल्लं भोकाच्या तोंडाशी येऊन टकमक बघायला लागतात. वटवाघळाचा नर हा बांधकामवाला. ताड-माडांची पानं, खोट्या अशोकाच्या लोंबत्या फांद्या, भेरली माडाचे झुपकेच्या झुपके तो आतून कुरतडून पोखरतो आणि छत्रीसारखा आडोसा तयार करतो. कित्येक रात्री हे चालतं. मग त्या आडोशात माद्या येऊन राहतात आणि हा एकटा नर त्यांची राखण करतो. एच. आर. भट आणि अमेरिकेचे थॉमस कुन्झ यांनी १९९० च्या दशकात याचा बारकाईने अभ्यास केला, तो पुण्यातल्या वटवाघळांवर. तेव्हा पुणेकरांनी आपल्या रस्त्याकडेच्या भेरली माडाखाली उभं राहून वर बघायला हरकत नाही. झुपक्याच्या मधोमध पोकळी दिसली आणि आतून काही डोळे दिसले, तर तो जनानखाना.

मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं, वर्षातून दोनदा. त्याच वजनाची उंदरीण एका वेळी आठ-दहा घालते. पण उंदरिणीला पोटातलं ओझं घेऊन उडावं लागत नाही. पिल्लू जन्मलं की दुधाच्या आकडेदार दातांनी आईला घट्ट धरून ठेवतं आणि सुरुवातीला तिच्याबरोबर हवेतच हिंडतं. म्हणूनच बागेतल्या फळांच्या रागाने एखादी वसाहत उठवली तर ती भरून यायला वर्षं लागतात.

या दोघांच्या जवळच्या नातेवाइकांची एकेक गोष्ट संग्रहालयाच्या कपाटातून बाहेर आलेली आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. तमिळनाडूतल्या हाय वेव्ही डोंगरात १९४८ मध्ये अँगस हटन यांनी एक वटवाघूळ पकडलं. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत आलं आणि त्याला आखूड नाकाच्या फळखाऊ वटवाघळाची, म्हणजे माझ्या बॉनेटवाल्याचीच, चिठ्ठी लावून ठेवण्यात आलं. दोन दशकांहून अधिक काळ ते तसंच पडून होतं. मग थायलंडचे किट्टी थोंगलोंग्या यांनी ते पाहिलं आणि ओळखलं की हा प्रकारच निराळा आहे. १९७२ मध्ये त्याला सलीम अलींचं नाव मिळालं. पक्ष्यांच्या अभ्यासाला आयुष्य दिलेल्या माणसाच्या नावाने वटवाघूळ!

दुसरी गोष्ट रानपिंगळ्याची. इंग्रज पक्षीअभ्यासक ॲलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. १८८४ नंतर तो सापडेचना. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचा दावा केला होता, त्यामुळे शोधणारे तिकडेच शोधत राहिले. पुढे अमेरिकी पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा कळलं की तो चोरीचा आहे: जेम्स डेव्हिडसन यांनी एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला पक्षी या गृहस्थांनी संग्रहालयातून उचलला, नव्याने पेंढा भरून शिवला आणि खोटी चिठ्ठी लावली. ती चिठ्ठी बाजूला सारून रासमुसेन आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला. एकशे तेरा वर्षांनी! आज तो मेळघाटात आहे, तानसाच्या जंगलातही आढळला आहे. एका चुकीच्या चिठ्ठीने एक वटवाघूळ लपलं, एका खोट्या चिठ्ठीने एक पिंगळा.

माणसांशी दोघांचे संबंध वाईटच, पण वेगवेगळ्या कारणांनी. पिंगळ्याचा आवाज ऐकून शकुन सांगायची आपली जुनी रीत आहे. पहाटे कंदील घेऊन दारोदार भविष्य सांगत फिरणारा तो 'पिंगळा', त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत. घुबडाला दगड मारला तर ते तो दगड झेलतं, पाण्यात नेऊन टाकतं आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजत जातो, असंही सांगतात. ही एक समजूत मला मोडावीशी वाटत नाही. निदान दगड तरी खाली पडतो. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशनने २०१८ पासून घुबडांचा उत्सव भरवायला सुरुवात केली. ज्या पक्ष्याचं नाव घेतलं की लोक तोंड फिरवायचे, त्याची चित्रं काढायला शाळेची पोरं बसली.

वटवाघळाची अडचण कायद्यातच होती. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात फळखाऊ वटवाघळांना उंदीर-कावळ्यांच्या रांगेत, उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात बसवलं होतं. म्हणजे मारलं तर गुन्हा नाही. २०२२ च्या दुरुस्तीने ते परिशिष्टच काढून टाकलं. भीतीचं दुसरं कारण निपा. १९९८-९९ मध्ये मलेशियात हा विषाणू पहिल्यांदा कळला, २०१८ मध्ये कोझिकोडेत त्याने बळी घेतले. त्याचा नैसर्गिक वाहक म्हणून बोट दाखवलं जातं ते मोठ्या फळखाऊ वटवाघळाकडे. २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या रौसेट वटवाघळांच्या रक्तात पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला निपाची प्रतिपिंडं, म्हणजे कधीतरी लागण होऊन गेल्याच्या खुणा, आढळली. याचा अर्थ झाडावरचं प्रत्येक वटवाघूळ रोग घेऊन फिरतंय असा नाही. दातांचे ठसे असलेलं फळ खाऊ नये, पडलेली फळं धुऊन-सोलून खावीत, नीरा किंवा ताडीची मडकी झाकलेली असावीत, जखमी वटवाघूळ उघड्या हाताने उचलू नये. एवढं पाळलं की पुरे. वसाहतीवर फटाके लावणं हा उपाय नव्हे. घाबरलेली वटवाघळं चार ठिकाणी पांगतात आणि प्रश्नही चार ठिकाणी पांगतो. मी स्वतः गाडीवर जुनी चादर घालायला लागलो.

परवा संध्याकाळी काका नि मी गेटपाशी उभे होतो. पावणेसातच्या सुमारास पिंगळा वाड्याच्या भोकातून निघून विजेच्या तारेवर येऊन बसला. थोड्या वेळाने पंपाच्या खोलीकडून एक काळी आकृती आली, आमच्या डोक्यावरून, तोंडात काहीतरी गोल धरून. पिंगळ्याने मान तिच्या मागे मागे वळवली, अगदी पार पाठीपर्यंत, दोनदा डोकं खाली-वर करून अंतर मोजलं, आणि मग दिव्याखालच्या पतंगाकडे वळला. आंब्यात पानं हलली.

"आला तुमचा बदाम," काका म्हणाले.